पात्याची झीज

सोलापूर, भाद्रपद वद्य तृतीया, शके १८५६

आज गिरणीत पुन्हा हातोडे बदलले. नवे घालून महिनासुद्धा झाला नव्हता. आमच्या यंत्राच्या पोटात हे पोलादी हातोडे गरागरा फिरतात, खाणीतला पांढरा दगड त्यांच्या माराने फुटतो, त्याची पिठासारखी पूड होते आणि ती कापडगिरण्यांत सुताच्या खळीत जाते. दगडाने हातोडा झिजायचाच, पण हे तर साबणाच्या वडीसारखे झिजतात.

मालक आबासाहेब झिजलेला हातोडा हातात घेऊन म्हणाले, "पंत, आपुन दगड दळतोय का हातोडे दळतोय?" सगळे हसले म्हणून मीही हसलो. गिरणीत रसायनशास्त्राचा पदवीधर मी एकटा. म्हणजे हा टोमणा कोणाला होता ते उघड आहे.

आजवर दगड अक्कलकोटकडचा मल्लप्पा ठेकेदार पुरवत आला. आता करमाळ्याच्या माळावर दुसरी खाण निघाली आहे. दोन्हींपैकी यंत्राला कमी खाणारा दगड कोणता ते शोधून काढा, असा हुकूम झाला. वर्षाचा करार दिवाळीच्या पाडव्याला, मुहूर्तावर. आणि त्याच दिवशी गिरणीला एक व्यवस्थापक नेमायचा आहे. हे सांगताना आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. सहा वर्षे मी इथे दगडाची धूळ खातो आहे, तेव्हा पाहायलाच हवे होते.

त्यांचे पुढचे वाक्य मात्र मला रुचले नाही. करमाळ्याचा दगड शोधणारा माणूस षष्ठीपासून आपल्याकडे कामाला येणार. नाव एकनाथ. पुण्याला वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा तोच. पितृपक्षात कोणी नवे काम धरत नाही, पण याला नेहमीच सगळे माफ असते.

भाद्रपद वद्य षष्ठी

एकनाथ आला. जरा जाड झाला आहे, म्हणून बरे वाटले. पण पहिल्याच दिवशी फिटरपासून हमालापर्यंत सगळे त्याच्याभोवती. मला आबासाहेब 'पंत' म्हणतात, त्याला 'एकनाथराव'.

जनरीत म्हणून त्याला जेवायला बोलावले. माझ्या डोक्यात आले नव्हते की दुर्गाचे माहेरही एकनाथच्याच गावचे, करमाळ्याचे. दारात पाय ठेवताच तो म्हणाला, "काय गं दुर्गे, ओळख आहे का?" माझ्या घरात माझ्या बायकोला दुर्गे. मग जीभ चावून 'वहिनी' म्हणाला. दुर्गा तर, "अगं बाई, एकनाथदादा तुम्ही होय," म्हणून पदर सावरायचीही विसरली. एकमेकांना भिंत लागून घरे होती म्हणे. कमळाभवानीच्या देवळापर्यंत रोज मुलांची झुंड जायची, कोणाच्या विहिरीत कोण पडले, कोणाच्या बोरी कोणी झोडल्या, सगळे निघाले. ती इतकी हसली की मला आठवेना, माझ्या एखाद्या बोलण्यावर ती अशी शेवटची केव्हा हसली होती.

शेंगदाण्याची चटणी त्याने तीनदा मागून घेतली. मी एकदाही 'चटणी छान' म्हणत नाही, कारण ती रोजच छान असते. हे त्याला कोण सांगणार?

तो गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो तर दुर्गा डोळे पुसत होती. विचारले तर म्हणाली, "कांदा." जेवणात कांदा नव्हता. पितृपक्षात आमच्याकडे नसतोच.

भाद्रपद वद्य द्वादशी

युक्ती मला सुचली, हे इथे लिहून ठेवतो. तेलाचे रिकामे पिंप घ्यायचे, आत आसावर पोलादाचे एक पाते बसवायचे, सुपारीएवढे फोडलेले दगड भरायचे आणि गिरणीच्या पट्ट्यावर तासभर फिरवायचे. फिरवण्याआधी पात्याचे वजन करायचे, फिरवल्यावर पुन्हा. जेवढे लोखंड कमी भरेल तेवढे दगडाने खाल्ले. वजनाला सराफाचा काचेच्या पेटीतला काटा, गुंजेचा अंशही चुकवत नाही.

एकनाथने एवढेच सुचवले की दोन्ही दगडांसाठी एकाच सळईतून कापलेली पाती वापरावीत, नाहीतर पोलादातच फरक पडायचा. हे मलाही सुचले असते. त्याने आधी म्हटले, इतकेच.

संध्याकाळी आबासाहेब पिंप पाहायला आले. एकनाथ म्हणाला, "कल्पना वेणीमाधवाची हं. मी नुसता पाना धरला." त्याला हे म्हणायची गरज काय होती? असे बोलले की माणूस मोठ्या मनाचा दिसतो आणि ज्याच्याविषयी बोलले तो लहान दिसतो. आबासाहेबांनी थाप मारली ती त्याच्याच पाठीवर.

आश्विन शुद्ध चतुर्थी

अक्कलकोटच्या दगडाने तासाभरात पात्याचे दोन गुंजा लोखंड खाल्ले. आता करमाळ्याच्या दगडाची पाळी. एकनाथ म्हणतो त्याचा दगड मऊ आहे, गारगोटीची नस नाही. त्याला ठाम वाटते. मला त्याच्या ठाम वाटण्याचाच त्रास होतो.

दुर्गाने घट बसवले आहेत. दुपारी तो तिच्या आईने पाठवलेली कसलीशी पुरचुंडी देऊन गेला. माझ्या घरी, मी कामावर असताना. 'दादा' म्हटले की झाले, असे दिसते. मी तिला म्हणालो, "तुझ्या दादांना दुसरं काम नाही का?" ती म्हणाली, "आईचा निरोप होता." कसला निरोप, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

आश्विन शुद्ध अष्टमी

करमाळ्याचा दगड तासभर फिरवला. पाते बाहेर काढले तेव्हा गिरणी बंद होण्याची वेळ झालेली. उद्या खंडेनवमी, यंत्रांची पूजा, परवा दसरा. वजन आता एकादशीला.

पाते कचेरीतल्या कपाटात ठेवणार होतो. मग आठवले की त्या कपाटाची दुसरी किल्ली एकनाथजवळ आहे. तो तसे काही करील असे मी म्हणत नाही. पण पात्यावर थोडे वंगण फासले की वजन वाढते आणि झीज कमी दिसते, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून फडक्यात गुंडाळून घरी आणले. कोणाला सांगितले नाही.

दुर्गाला देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवायला दिले. म्हटले, "जपून ठेव. आपलं सगळं आता यावर आहे." तिने दोन्ही हातांनी घेतले.

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी

सकाळी पूजेला बसलो आणि पाहतो तो पाटावर माझा टाक, दौत, रसायनशास्त्राची दोन पुस्तके, घरातली विळी, अडकित्ता आणि या सगळ्यांच्या मधोमध ते पाते. हळदकुंकू, झेंडूचे फूल. काल काळेकुट्ट दिसत होते, आज आरशासारखे. म्हणाली, "पूजेला असलं कळकट कसं ठेवायचं? रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवलं, पहाटे राखेनं आणि विटकरीनं घासलं. किती जोर लागला म्हणता." बोटे लाल झाली होती तिची.

मला भरून आले. चटणी कोणीही मागून खाईल, पण हे तिने माझ्यासाठी केले. माझे भाग्य ज्यावर आहे त्याची तिने पूजा केली. एकनाथच्या नशिबी असे कोणी नाही, अजून लग्न नाही त्याचे. आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागले.

आश्विन शुद्ध एकादशी

जिंकलो. करमाळ्याच्या दगडाने पावणेतीन गुंजा खाल्ले. अक्कलकोटपेक्षा पाऊण गुंज जास्त. आबासाहेबांसमोर मी स्वतः वजन केले, फडक्याने पुसून, तीनदा. तिन्ही वेळा काटा तिथेच.

एकनाथने पाते उचलले. बोल्टाच्या भोकाशी बराच वेळ पाहिले, नखाने काहीतरी खरवडले आणि विचारले, "दोन दिवस पातं कुठं होतं रे?"

मी म्हणालो, "कुठं म्हणजे? इथंच, कपाटात, कुलपात." घरी नेले म्हटले असते तर का नेले ते सांगावे लागले असते.

त्याने माझ्याकडे पाहिले, नखाकडे पाहिले आणि पाते खाली ठेवले. "नवं पातं घालून पुन्हा एकदा फिरवू या का?"

हरलेल्या पोराने डाव पुन्हा मागावा तसे. आबासाहेबांनी मला विचारले, "तुमी काय म्हनता पंत?" मी म्हणालो, "गरज नाही." एकनाथ म्हणाला, "तो नको म्हणतो तर राहू द्या." एवढ्यावर गप्प बसला. त्याला असा गप्प बसलेला मी पुण्यातही कधी पाहिला नव्हता. गंमत वाटली, खरे सांगायचे तर.

करार मल्लप्पाशी. "पाडव्याला तुमच्या नावाचा नारळ फोडू पंत," असे आबासाहेब म्हणाले. करमाळ्याची खाण नाही तर एकनाथला इथे काम नाही. भाऊबीज झाली की जाणार.

घरी येऊन सांगितले. दुर्गा म्हणाली, "चांगलं झालं. देवाला साखर ठेवते." मग थोड्या वेळाने, "मग दादा जाणार का हो?" म्हणजे माझ्या व्यवस्थापकपदाचा आनंद चिमूटभर साखरेएवढा, आणि त्याच्या जाण्याचे दुःख दिवे लागेपर्यंत.

आश्विन वद्य पंचमी

कोजागरीला आबासाहेबांच्या गच्चीवर दूध प्यायलो. एकनाथने मजुरांच्या नकला करून सगळ्यांना हसवले. नोकरी जाणारा माणूस असा हसवतो कसा? मी मात्र मिळणारे पद डोक्यात घेऊन एका कोपऱ्यात दूध थंड करत बसलो होतो. दुर्गासाठी इरकली लुगडे पाहून ठेवले आहे. पाडव्याला घालीन ओवाळणी. मग कळेल तिला.

आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस

आजचे लिहावेसे वाटत नाही, तरी लिहितो.

दिवाळीची भांडी घासायला दुर्गाने काल मोठ्या परातीत चिंच भिजत घातली होती. आमचा अडकित्ता चुकून त्यात पडला आणि रात्रभर राहिला. सकाळी ती म्हणाली, "अहो, हे पाणी बघा, शाईसारखं काळं झालंय." मी पाहिले. अडकित्त्याची धार बोटाला खरखरीत लागली, वाळवी लागल्यासारखी. चिंचेच्या आंबटाने लोखंड खाल्ले होते. शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी रसायनशास्त्राचा पदवीधर.

दिवसभर मनाला समजावले की राखेने आणि चिंचेने कितीसे जाणार. पण गुंजा मोजायच्या तर कितीसे म्हणजेच सगळे. पितळेची भांडी उजळतात तेव्हा वरचा थर जातोच की. पाते तर रात्रभर कोळात होते आणि वर विटकरीने घासलेले.

वजन करताना हे मला का सुचले नाही? मला ते सुचायला नको होते, म्हणून.

आश्विन वद्य त्रयोदशी, धनत्रयोदशी

गिरणीला आज सुटी. पट्टा बंद होता, म्हणून पिंप हाताने फिरवले, आधी अक्कलकोटचा दगड घालून, मग करमाळ्याचा. दोन्हींना त्याच सळईतली नवी पाती, दोन्हींना सारखे फेरे. खांदे भरून आले. पाती रॉकेलने पुसली, दुसरे काही लावले नाही. अक्कलकोटच्या दगडाने जेवढे लोखंड खाल्ले त्याच्या चौथाईसुद्धा करमाळ्याच्या दगडाने खाल्ले नाही. एकनाथ म्हणत होता तसा मऊ, जवळजवळ लोण्यासारखा.

हे मला एकट्याला ठाऊक आहे. मल्लप्पाचा दगड घेतला तर गिरणी बंद पडणार नाही, हातोडे झिजत राहतील इतकेच, आणि ते आजही झिजतातच. पद मला मिळेल. एकनाथ जाईल. माझ्या घरात 'दुर्गे' म्हणणारे कोणी राहणार नाही. असे सगळे हिशेबात बसते आणि तरी मी ताट तसेच टाकून उठलो.

आश्विन वद्य चतुर्दशी

अभ्यंगाला दुर्गाने पाठीला तेल लावताना विचारले, "तुम्हाला बरं नाही का?" आणि माझ्या तोंडून निघाले, "तुझ्या चिंचेनं घात केला." सगळे तिच्यावर ओतले. तुला कोणी सांगितले होते घासायला, पूजा कोणी मागितली होती, एका माणसाची खाण बुडाली तुझ्यापायी. तिचा हात थांबला. मागे वळून पाहायची मला हिंमत झाली नाही.

दिवसभर करंज्या तळत होती. तेलाचा आवाज तेवढा येत होता.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा

मुहूर्त सकाळचा, म्हणून दुर्गाने सकाळीच ओवाळायला घेतले. मी पाटावर बसलो. इरकली लुगडे मांडीवर. तिने कुंकू लावले, अक्षता लावल्या, तबक हातात घेतले आणि तशीच उभी राहिली.

"एक विचारू का?"

"विचार."

"मी चिंच लावली, ते चुकलं माझं. पण ते पातं कचेरीतलं. घरी कशाला आणलं होतंत?"

निरांजन जळत होते. मी लुगडे पुढे केले. ती म्हणाली, "ते राहू द्या. ओवाळणी म्हणून एवढंच सांगा."

पाते सुरक्षित राहावे म्हणून, असे म्हणून पाहिले. ती तबक धरून तशीच. शेवटी म्हणालो, "एकनाथ त्यात काही करील असं वाटलं मला."

"दादा?"

"हो."

"आणि ते आपल्या घरी येतात त्याचंही तुम्हाला तसंच काही वाटतं का?"

मी मान खाली घातली. तिने ओवाळले. हात स्थिर होता. मग म्हणाली, "आई दोन महिने झाले अंथरुणावर आहे. दादा खुशाली आणायचे. तुमच्या डोक्याला एवढा ताप, त्यात हे कुठं सांगायचं म्हणून बोलले नाही." आणि तबक खाली ठेवून, "जा आता. मुहूर्त टळेल."

लुगडे तिथेच राहिले.

गिरणीत आबासाहेब गादीवर बसले होते, मल्लप्पा रेशमी पटका बांधून शेजारी, कराराचा कागद समोर. एकनाथ दाराशी उभा. मी बसलो नाही. सगळे उभ्याने सांगितले. पाते घरी नेले, कपाटात होते हे खोटे बोललो, चिंच, राख, धनत्रयोदशीचे नवे माप. का नेले तेही सांगितले. ते सांगताना एकनाथकडे पाहवले नाही.

मल्लप्पा म्हणाला, "सावकार, हे काय चाललंय? माझं दगड वाईट म्हणतंय काय?"

आबासाहेबांनी त्याला हाताने थांबवले. मग म्हणाले, "पंत, तुमचं माप चुकलं, त्याचं काय न्हाय. पूजा-अर्चा समद्यांच्याच घरी असती. पन मला तोंडावर खोटं सांगितलंत. ज्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या त्यो असा न्हाय चालत." कागद त्यांनी दुमडला. "काट्यापाशी तुमीच बसा. यापुढं जो दगड येईल त्यो तुमच्या पिंपातनं काढल्याबिगर घ्यायचा न्हाय. किल्ल्या एकनाथरावांकडं."

बाहेर आल्यावर एकनाथ मला म्हणाला, "हळद दिसली होती रे मला. बोल्टाच्या भोकात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कपाटात म्हणालास. आबासाहेबांसमोर तुला खोटा पाडू? पुन्हा फिरवू या म्हटलं, त्याहून काय करणार?" त्याने खांद्यावर हात ठेवला.

मला त्याचा संतापच आला. त्याने मला तिथेच खोटे पाडले असते तर निदान त्याच्यावर मनापासून चिडता आले असते. आता तीही सोय राहिली नाही. मी एवढेच म्हणालो की उद्या भाऊबीजेला जेवायला ये, दुर्गा वाट पाहील. तो म्हणाला, "तू म्हणतोस तर येतो." मी म्हणतो आहे, असे पुन्हा सांगावे लागले.

घरी आलो. दुर्गा ओसरीतच उभी होती.

"काय झालं?"

"पद गेलं."

"आणि दादा?"

"राहिले. व्यवस्थापक म्हणून." मग म्हणालो, "उद्या ते जेवून गेले की दुपारच्या गाडीनं आपण करमाळ्याला निघू. तुझ्या आईला बघून येऊ."

ती हसली. यातल्या कोणत्या बातमीवर हसली, हे आज मी विचारले नाही.